वायूंची देवाणघेवाण शिकवण्याआधी करायची तयारी

बारावीच्या वर्गात हा पाठ घ्यायचा असेल, तर तयारी आदल्या संध्याकाळी मटणाच्या दुकानातून सुरू करावी. बकऱ्याची दोन्ही फुप्फुसे श्वासनलिकेसकट आणि कुठेही सुरी न लागलेली हवी आहेत, हे दुकानदाराला नीट समजावून सांगावे, कारण एरवी नळी सर्वांत आधी कापली जाते आणि तसे फुप्फुस प्रयोगाला निरुपयोगी ठरते. आपल्या कोल्हापुरात बुधवारी आणि शुक्रवारी दुकानांत गर्दी असते, तेव्हा खरेदीची संध्याकाळ शक्यतो या वारी येणार नाही असा तास ठेवावा. फुप्फुसे मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून श्वासनलिकेत रबरी नळी सुतळीने घट्ट बांधावी आणि हवा सायकलच्या पंपाने भरावी. तोंडाने फुंकण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. हातमोजे, साबण आणि नंतर ते अवशेष पुरण्याची जागा आधीच ठरलेली असावी. ज्या मुलामुलींना हे पाहायचे नसेल त्यांना आदल्या दिवशीच विचारावे आणि त्यांच्याकडे चुन्याच्या निवळीचा प्रयोग सोपवावा.

ही निवळीही रात्रीच करावी लागते. पानाच्या टपरीवरचा खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवला की सकाळी वर स्वच्छ निवळी मिळते. तिच्यात नळीने श्वास सोडला की ती दुधाळ होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु कार्बन डायऑक्साइड आणखी मिसळत राहिला तर तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलते आणि पाणी पुन्हा निवळू लागते, हा पुढचा भाग बहुतेक वर्गांत दाखवलाच जात नाही. त्यासाठी निवळी पातळ असावी आणि सवड ठेवावी. या पाठाच्या उत्तरार्धाची किल्ली त्यातच आहे.

आता फळ्याची तयारी. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, असतात, त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते आणि हवा व रक्त यांच्यातील पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, हे आकडे एका कोपऱ्यात लिहून पुढे जावे. खरा वेळ आंशिक दाबाला, म्हणजे मिश्रणातील एकेका वायूच्या स्वतःच्या दाबाला, द्यावा. वायुकोशातील ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १०४ मिलिमीटर पारा, तिथे येणाऱ्या रक्तातील ४०. कार्बन डायऑक्साइडचा रक्तातील ४५, वायुकोशातील ४०. हे चार आकडे मुलांकडून बाणांसह काढून घ्यावेत आणि एका बाजूला ६४ मिलिमीटरचा फरक लागतो, तर दुसऱ्या बाजूला केवळ ५ मिलिमीटर का पुरतो, हा प्रश्न त्यांनाच विचारावा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनपेक्षा वीसपटींहून अधिक विरघळतो, हे उत्तर त्यांच्याकडून येईपर्यंत थांबणे योग्य.

पुस्तकातले हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, हेही सांगायला हवे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथे हवेचा दाब ७६० ऐवजी ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातील ऑक्सिजनचा वाटा १५९ ऐवजी १४९ च्या जवळ येतो. मुलांना हे गणित करायला द्यावे. आपल्याच गावच्या हवेचा आकडा हाती आला की दाब हा शब्द त्यांच्यासाठी परका राहत नाही.

फुप्फुस ऑक्सिजन ओढून घेते, असे वर्गातील निम्म्यांना तरी वाटत असते. त्यांना चूक म्हणून गप्प करू नये. ख्रिस्तिआन बोर यांच्यासारखा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञही फुप्फुस ऑक्सिजन स्रवते असे मानत होता, आणि त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग व ऑगस्ट यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी १९१० मध्ये केवळ विसरण, म्हणजे वायूचे अधिक दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप जाणे, पुरेसे आहे हे मोजून दाखवले. संपूर्ण पाठ या एका मुद्द्यावर उभा आहे.

वाहतुकीसाठी साधा हिशेब तयार ठेवावा. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन, प्रत्येक ग्रॅमला १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे २० मिलिलिटर. नुसता विरघळलेला ऑक्सिजन मात्र ०.३ मिलिलिटर. विश्रांतीत पेशी यातले ५ मिलिलिटरच घेतात. इथे पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरले आहे ते बोटावरून दाखवणारे यंत्र, बाहेर काढावा आणि तालमीत जाणाऱ्या एखाद्या निरोगी विद्यार्थ्याला, तो तयार असेल तर, पन्नास बैठका मारायला सांगावे. धाप लागते, नाडी दुप्पट होते, पण आकडा जवळजवळ तोच राहतो, कारण यंत्र फक्त धमनीतील रक्त पाहते. स्नायूंत आम्लता आणि उष्णता वाढल्याने हिमोग्लोबिनची पकड सैल होते; यातला कार्बन डायऑक्साइडमुळे होणारा परिणाम बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. परत येणारे रक्त कितीतरी अधिक रिकामे असते, जे बोटावर दिसत नाही. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीतही हा आकडा ९८ येऊ शकतो, कारण तो हिमोग्लोबिन किती भरले आहे ते सांगतो, मुळात किती आहे ते नाही; मुलींच्या वर्गात ही गोष्ट आवर्जून बोलावी.

यानंतर निवळीकडे परत यावे. कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात, २० ते २५ टक्के हिमोग्लोबिनला जोडून आणि ७ टक्के विरघळून जातो. तांबड्या पेशीतील कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोडणी अतिशय वेगाने घडवते, बायकार्बोनेट बाहेर रक्तद्रवात पडते आणि विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी क्लोराइड आत येते. फुप्फुसात हाच क्रम उलटतो. मुलांनी ही आकृती पुस्तक मिटून काढावी, असा आग्रह धरावा.

शेवटची दहा मिनिटे दोन धोक्यांसाठी राखून ठेवावीत. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो, म्हणून बंद न्हाणीघरातील गॅस गिझर किंवा दारे लावून ठेवलेली कोळशाची शेगडी जीव घेऊ शकते, आणि त्या वेळी ऑक्सिमीटर सर्व ठीक असल्याचे खोटे सांगतो. दुसरा धोका विहिरीत किंवा पंचगंगेत सूर मारणाऱ्यांचा. श्वास घ्यायला लावणारी मुख्य खूण वाढता कार्बन डायऑक्साइड ही असते. पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी आधी भराभर खोल श्वास घेतले की ही खूण उशिरा येते, मधल्या वेळेत ऑक्सिजन संपतो आणि पोहणारा गुदमरल्याची जाणीव न होताच बेशुद्ध पडतो. वर्गातील किती जण पोहायला जातात, हे आधी हात वर करायला लावून पाहावे आणि मगच हे सांगावे.