संग्रह की साठा? घरातले गेम नीट लावण्याची पद्धत

व्हर्च्युअल बॉय हे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं 1995 सालचं लाल पडद्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र. ते लवकरच गुंडाळलं गेलं आणि त्यासाठी जगभरात मिळून फक्त 22 गेम निघाले. हे सगळे मिळवले तर कपाटाच्या एका खणात मावतात आणि त्याला पूर्ण संग्रह म्हणता येतं. उलट दिवाणात तीनशे डिस्क असतात, पण त्यांतली कोणती चालते, कोणती चुकून दोनदा घेतली गेली, कोणाचं कव्हर कुठे गेलं, हे मालकाला सांगता येत नाही. तो साठा. म्हणजे मोजणी करून फरक कळत नाही. संग्रह करणाऱ्याला समोरची वस्तू स्वस्त असली तरी "ही आपली नाही" म्हणून परत ठेवता येते. साठ्यात आत येणाऱ्या वस्तूला कोणी काही विचारतच नाही.

स्वतःची पाहणी करायची तर न बघता कपाटातून एकेक करून दहा वस्तू काढा. प्रत्येकीला चार प्रश्न विचारा: ही इथे का आहे? शेवटची कधी चालवून पाहिली? हिचा डबा, पुस्तिका, वायर कुठे आहे? आणि आज हीच वस्तू दुकानात दिसली तर पुन्हा पैसे मोजाल का? सात-आठ वस्तूंची उत्तरं पटकन आली तर कपाट ठीक आहे, फक्त आवरायला झालंय. तीन-चारच आली तर पुढचं सगळं काम करावं लागेल, आणि ते होईपर्यंत नवीन खरेदी बंद ठेवावी लागेल.

आधी यादी, मग आवराआवर

बहुतेक जण उलटं करतात. आधी सुंदर रॅक आणतात, त्यात सगळं रचतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रती तशाच मागच्या रांगेत जातात. रॅक नंतर आणा. एका वेळी एकच प्लॅटफॉर्म (म्हणजे एकाच प्रकारच्या यंत्राचे गेम) जमिनीवर चादर पसरून काढा. पीएस2 (सोनीचं प्लेस्टेशन 2) काढला असेल तर त्या दिवशी दुसरं काही उघडू नका. दीडशे डिस्क नीट तपासायला दोन पूर्ण दिवस लागतात, म्हणून शनिवार-रविवार मोकळा ठेवा.

यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. नाव, प्लॅटफॉर्म, रीजन (कोणत्या देशांसाठी काढलेली प्रत), काय काय आहे (नुसती डिस्क, डब्यासह, की पुस्तिकेसह पूर्ण), अवस्था, चालवून पाहिल्याची तारीख, किती रुपयांना घेतला, कुठे ठेवलाय. शेवटचा रकाना "का". तो रिकामा राहिला तर तसाच राहू द्या. काय काढायचं हे तोच पुढे सांगेल.

आपल्याकडच्या पीएस2 च्या साठ्यात कॉपी डिस्क हमखास सापडतात, त्या याच वेळी वेगळ्या करा. ओळखायला डिस्क उजेडात तिरकी धरून मधल्या भोकाजवळचं कडं पाहा. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर तिथे आरशासारखा पट्टा असतो आणि त्यावर बारीक कोरलेले आकडे, बहुतेकदा आयएफपीआय (IFPI) ही अक्षरंही. घरी बर्न केलेल्या डिस्कची खालची बाजू जांभळट किंवा हिरवट दिसते, कारण त्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि ऊन-उष्णतेने तो खराब होत जातो. मात्र सीडीवर आलेले पीएस2 चे अस्सल गेम खालून निळे असतात. नुसता रंग पाहून ते कॉपीत टाकू नका, आतलं कडं पाहा.

एक वाक्य लिहा

संग्रहाची हद्द एका वाक्यात मावली पाहिजे. "पीएस2 चे चांगले गेम" ही हद्द नव्हे, त्यात काहीही बसतं. "भारतात तयार झालेले कन्सोल गेम" ही हद्द आहे (कन्सोल म्हणजे फक्त गेम खेळायचं यंत्र). त्यात हैदराबादच्या ऑरोनाचा 2009 चा "हनुमान: बॉय वॉरियर" येतो, गेमशास्त्राचा "देसी अड्डा" येतो, मुंबईच्या ट्राइन गेम्सचा "स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स" येतो. दहा-पंधरा डब्यांचं हे काम आहे, पण आपल्याकडे कन्सोलवर गेम बनवायची सुरुवात कशी झाली, हे त्यातून दिसतं. परदेशात कोणी हे सांभाळून ठेवणार नाही, त्यामुळे असा संग्रह करणाऱ्याचं काम खरोखर मोलाचं आहे.

हद्द लेखकाची, कंपनीची, वर्षाची, एखाद्या मालिकेची, काहीही असू शकते. त्याखाली तीन नियम लिहा. एका गेमच्या किती प्रती (खेळायची एक, ठेवायची एक, तिसरी नाही). जागा किती (अमुक कपाटाचे दोन खण, भरले की एक बाहेर गेल्याशिवाय नवीन आत नाही). महिन्याचा खर्च किती. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवलेला नियम खरेदीच्या वेळी कोणी उघडून बघत नाही.

चालवून पाहणं

संग्रह जिवंत राहतो तो इथे, म्हणून या कामाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. न तपासलेली वस्तू आतून कुजत असते आणि बाहेरून तसं काही दिसत नाही.

कॅसेटपासून सुरुवात करा. चालली नाही की फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती सोडा. तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या काळवंडतात. फुंकरीनंतर गेम चालतो तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानातल्या काडीचा कापूस त्यात जेमतेम ओला करा आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी निघाली की नवी घ्या. पांढरी निघेपर्यंत पुसा, मग दहा मिनिटं वाळू द्या. पिना सँडपेपरने घासू नका. वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि खालचं तांबं वर्षभरात हिरवं पडतं.

आपल्याकडच्या जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेट फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या जातीच्या, 60 पिनांच्या. त्याच यंत्राची अमेरिकेतली आवृत्ती एनईएस, तिच्या कॅसेट 72 पिनांच्या. दोन्ही एकाच डब्यात मिसळून ठेवल्या की पुढे कोणीतरी जोर लावून चुकीच्या खाचेत घालतं. "शंभर गेम एकात" छापाच्या स्वस्त कॅसेटमध्ये चिपऐवजी काळ्या डांबरासारखा थेंब असतो आणि सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) सांभाळणारा सेल सहसा नसतो. त्यांच्या फक्त पिना पुसल्या की झालं.

सेल असलेल्या कॅसेटचं मात्र वेगळं. एनईएस, त्यानंतरचं एसएनईएस आणि हातात धरायचा गेमबॉय यांच्या जुन्या कॅसेट उघडायला 3.8 मिमीचा गेमबिट (त्यांच्या खास स्क्रूंसाठीचा पाना) लागतो (एसएनईएस, एन64 या यंत्रांना 4.5 मिमीचा). आत नाण्यासारखा 3 व्होल्टचा सेल असतो. मल्टीमीटरवर तो 2.6 च्या खाली दाखवत असेल तर बदला. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये हाच सेल सेव्हही सांभाळतो आणि घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. सेल काढला की सेव्ह गेला, तेव्हा आधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने सेव्ह उतरवून घ्या. पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये सीआर1616 सेल फक्त घड्याळापुरता असतो, तिथे सेव्ह जात नाही. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला मिळतो, तोच घ्या. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग गन टेकवली तर तो तापून फुटू शकतो.

यंत्रांमध्ये तीन ठिकाणी धोका असतो. मूळच्या एक्सबॉक्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं पहिलं गेम यंत्र), 1.6 सोडून बाकीच्या आवृत्त्यांत, घड्याळासाठी एक छोटा कपॅसिटर आहे. तो गळतो आणि त्यातलं द्रव मदरबोर्डचे मार्ग खातं. तो काढून टाका, आजूबाजूचा भाग अल्कोहोलने पुसा. त्याच्याशिवाय यंत्र चालतं, फक्त वीज काढून ठेवली की वेळ पुन्हा लावावी लागते. सेगा गेम गिअर या हातात धरायच्या यंत्राचे कपॅसिटरही गळण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पडदा फिका आणि आवाज बारीक झाला की समजा तेच. तिसरा धोका पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या यंत्राच्या बॅटरीचा: ती फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बॅटरी काढून वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. चांगल्या बॅटऱ्या निम्म्या चार्जवर, यंत्राबाहेर ठेवा.

रिमोटमध्ये विसरलेले पेन्सिल सेल गळून पांढरी पूड जमली असेल तर ती क्षारयुक्त असते. काडीवर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा, फेस थांबला की अल्कोहोलने पुसा.

पावसाळ्याची तयारी

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हाच परीक्षेचा काळ. डिस्कवर बुरशीची जाळी, कव्हरला लाटा, पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटलेली, हे सगळं त्या चार महिन्यांत होतं. आणि माळ्यावर ठेवणं तर दोन्हीकडून वाईट. मे महिन्यात स्लॅबखाली भट्टी, जुलैत ओल.

रबराचं सील असलेले पारदर्शक डबे घ्या, वीस लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम सिलिका जेल. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, नारंगी घ्या. ते हिरवट किंवा फिकट पडले की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आकडा 40 ते 50 टक्क्यांमध्ये ठेवा. डबे कोरड्या दिवशी, शक्यतो मे महिन्याच्या सुरुवातीलाच बंद करा. भर पावसात बंद केलेल्या डब्यात ओल कोंडून राहते.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. कपड्यांसाठी त्या घरात असतातच आणि कसर लागू नये म्हणून कोणीतरी मायेने टाकतं. नॅप्थलीनची वाफ सीडीच्या डब्याचं प्लास्टिक मऊ, चिकट करते. रबरबँडही नको, उन्हाळ्यात वितळून कव्हरवर कायमचा डाग सोडतो. डिस्क पुसायची तर मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडा डेटाच्या रेघेच्या दिशेने पडतो आणि लेझरला तो ओलांडता येत नाही.

डिजिटल ढीग

याला जागा लागत नाही, पण पैसे जातात. सेलमध्ये घेतलेले आणि कधीच न उघडलेले गेम वेगळ्या यादीत टाका आणि तो आकडा पाहूनच पुढच्या सेलमध्ये शिरा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात, म्हणून घेतलेला गेम त्याच आठवड्यात एकदा तरी उघडा. एक भीती मात्र खरी आहे: निन्टेन्डोच्या 3डीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 ला बंद झालं, एक्सबॉक्स 360 चं 29 जुलै 2024 ला. विकत घेतलेलं आजच उतरवून ठेवा. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलं असेल तर ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर काढा, दोन प्रतींत.

काढून टाकताना

"का" हा रकाना रिकामा असलेल्या वस्तू एका खोक्यात भरा, वर तारीख लिहा, तीन महिने थांबा. त्या काळात जे काढावंसं वाटलं नाही ते विका किंवा द्या. किंमत ठरवताना मागितलेले भाव पाहू नका, प्रत्यक्ष विकले गेलेले पाहा. जुलै 2021 मध्ये सीलबंद "सुपर मारियो 64" 15.6 लाख डॉलरला गेला, तेव्हापासून सील न फोडता प्रती साचवणारे वाढले आहेत. पण तो भाव अतिशय उच्च दर्जाच्या एका प्रतीचा होता. तुमच्याकडची पीएस4 वरची फुटबॉल गेमची तिसरी सीलबंद प्रत दरवर्षी स्वस्तच होत जाणार. कॉपी डिस्क विकू नका. बंद पडलेली यंत्रं दुरुस्ती शिकणाऱ्याला सुट्या भागांसाठी द्या, त्याला त्यांचा खरा उपयोग असतो.

कपाटाच्या पलीकडचं

पलंगावर झोपायला जागा नाही, ओटा वापरता येत नाही, दार पूर्ण उघडत नाही, कर्ज काढून खरेदी चालू आहे, आणि तुटकी वायर टाकायचं म्हटलं तरी जीव कासावीस होतो, असं असेल तर यादी आणि डबे पुरणार नाहीत. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत अशा साठवणीला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येतं.

घरातल्या कोणाचं असं असेल तर तो बाहेर गेल्यावर सगळं भंगारात देऊन टाकू नका. विश्वास तुटतो आणि रिकामी जागा पहिल्यापेक्षा वेगाने भरते. त्याच्यासोबत बसून एकच जागा निवडा, पलंगापासून दारापर्यंतची वाट. एका बैठकीत वीस मिनिटं. वस्तू तुम्ही उचलून दाखवायची, ठेवायची की द्यायची हे त्याने सांगायचं. ठरलं नाही तर तारखेच्या खोक्यात. वाट मोकळी झाली की त्या दिवशी थांबायचं.