गाडीच्या चावीवर बटणं चार, आपण वापरतो दोन

दोन वर्षं मी माझ्या गाडीचं अनलॉकचं बटण वापरत होतो आणि मला खात्री होती की ते फक्त दारं उघडतं, बास. मग एका रात्री चावी जीन्सच्या मागच्या खिशात तशीच राहिली, मी सोफ्यावर आडवा झालो, टीव्ही बघता बघता झोप लागली आणि सकाळी खाली जाऊन बघतो तर चारही काचा पूर्ण खाली आणि रात्रभर धो धो पाऊस. सीटवर हात टेकवला तर स्पंजातून पाणी वर आलं. चोर नाही, वायरिंगचा घोळ नाही, माझ्याच वजनाने बटण दाबलं जाऊन तसंच धरलेलं राहिलं होतं, आणि अनलॉक दाबून धरलं की माझ्या गाडीच्या काचा उतरतात हे मला माहीतच नव्हतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं हो, पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय की एक बटण म्हणजे एक काम, असं नसतं. एकदा दाबणं वेगळं, पटापट दोनदा दाबणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं. त्यामुळे शोधायचं ते बटण नाही, बटण दाबायची पद्धत.

आता हे करायचं कसं. दिवसाउजेडी करा, कारण यात कधीतरी हॉर्न बोंबलणारच आहे. गाडी मोकळ्या जागी, इंजिन बंद, सगळी दारं आणि डिकी नीट लावलेली, आणि गाडीत कोणीही बसलेलं नको, हे का ते पुढे सांगतो. ड्रायव्हरची काच अर्धी खाली ठेवा आणि दुसरी चावी असेल तर ती घरातल्या कोणाच्या तरी खिशात असू दे, पण गाडीपासून लांब, कारण बटण-स्टार्टवाल्या गाड्यांना चावी जवळ आहे हे आपोआप कळतं आणि मग नक्की कुठल्या चावीने काय झालं ते समजत नाही. आपण पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं, जिथून इंडिकेटर आणि साइडचे आरसे दोन्ही दिसतील.

आधी चित्रं बघून घ्या. बंद कुलूप म्हणजे लॉक, उघडं कुलूप म्हणजे अनलॉक, मागचं झाकण वर उचललेली गाडी म्हणजे डिकी, आणि लाल रंगात किंवा हॉर्नचं चित्र असलेलं ते पॅनिक, म्हणजे अडचणीत हॉर्न वाजवून लोकांचं लक्ष वेधायचं बटण. घासून चित्र गेलं असेल तर टॉर्च लावून तिरका उजेड पाडा, खोदलेल्या रेघा दिसतात.

लॉकपासून सुरुवात करा. एकदा दाबा आणि इंडिकेटर किती वेळा लुकलुकतात ते मोजा, मग अनलॉक दाबून परत मोजा. बहुतेक गाड्यांत दोन्हीचा आकडा वेगळा असतो आणि हा आकडा एकदा डोक्यात बसला की मग लांबूनच कळतं गाडी बंद झाली की नाही. लॉक दाबल्यावर काहीच लुकलुकलं नाही तर बऱ्याचदा कुठलं तरी दार किंवा डिकी नीट लागलेली नसते. आरसे आपोआप मिटतात का तेही बघा, आणि शेवटी दाराचं हँडल हाताने ओढून खात्री करा, नुसत्या आवाजावर जाऊ नका.

अनलॉकमध्ये एक गंमत आहे. काही गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं, दुसऱ्यांदा दाबलं की बाकीची. हे मुद्दाम केलेलं असतं, रात्री एकटं असताना दुसऱ्या बाजूने कोणी आत घुसू नये म्हणून. हे सेटिंग बदलता येतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते बदलायची पद्धत म्हणजे लॉक आणि अनलॉक दोन्ही बटणं एकत्र काही सेकंद दाबून धरणं. खिशात नेमकं हेच होऊन जातं, आणि मग माणूस म्हणतो कालपर्यंत चारही दारं उघडत होती, आज सेंट्रल लॉकिंग बिघडलं! गॅरेजला जायच्या आधी मॅन्युअलमध्ये हे कॉम्बिनेशन शोधा.

अजून एक, अनलॉक करून दारच उघडलं नाही तर बऱ्याच गाड्या साधारण अर्ध्या मिनिटाने स्वतःहून परत लॉक होतात. म्हणून अनलॉक केलं, डिकीत सामान ठेवलं, चावी सामानावरच ठेवली आणि डिकी लावली, हा पराक्रम करू नका.

आता दाबून धरायचा प्रयोग. अनलॉक तीन-चार सेकंद धरा, काचा उतरतात का बघा. मग लॉक तसंच धरा, वर येतात का बघा. काही गाड्यांत उतरतात पण चढत नाहीत, काहींत दोन्ही होतं, काहींत काहीच नाही. उन्हात तापलेल्या गाडीसाठी हे फार कामाचं आहे, गाडीपर्यंत पोचेस्तोवर आतली वाफ निघून जाते. नको असेल तर काही गाड्यांत सेटिंगमधून बंदही करता येतं. मी मात्र चालू ठेवलंय आणि चावी दारामागच्या खुंटीला.

लॉक दोनदा दाबणं हा भाग जरा जपून. कुठे त्याने फक्त हॉर्न टिंग करतो, म्हणजे गाडी लॉक झाली याची पावती, गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी शोधायलाही बरं पडतं. पण काही गाड्यांत दुसऱ्या दाबाला डेडलॉक लागतं, म्हणजे आतून हँडल ओढलं तरी दार उघडत नाही. काच फोडून हात आत घालणाऱ्या चोरासाठी ही सोय, पण आत लहान मूल किंवा झोपलेले आजोबा असतील तर विचार करा. आत कोणी नको म्हटलं ते यासाठी.

पॅनिकचं बटण सहसा दोन-तीन सेकंद धरावं लागतं, मग हॉर्न आणि लाइट सुरू. दाबायच्या आधी बंद कसं करायचं ते ठरवून ठेवा: तेच बटण परत दाबा, नाही थांबलं तर अनलॉक, तरी नाही तर गाडी स्टार्ट करा. डिकीचं बटणही बहुतेक वेळा धरूनच ठेवावं लागतं. तुम्ही एकदा टिचकी मारून खराब आहे म्हणता.

गोल बाणाचं चित्र असेल तर ते रिमोट स्टार्ट. नुसतं दाबून काही होत नाही, आधी लॉक दाबायचं आणि लगेच ते बटण काही सेकंद धरायचं, असा क्रम बऱ्याच ठिकाणी असतो. पेट्रोल-डिझेलची गाडी बंद गॅरेजमध्ये असताना हा खेळ अजिबात नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढे-मागे जाणारे बाण असतील तर ती अरुंद पार्किंगमधून गाडी आपोआप बाहेर काढायची सोय, ती मॅन्युअल वाचल्याशिवाय दाबू नका.

बटण वाटतं पण बटण नाही असा एक खटका चावीच्या कडेला किंवा मागे असतो, तो सरकवला की आतून साधी लोखंडी चावी निघते. दाराला तिचं भोक दिसत नसेल तर हँडलजवळच्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. आजच एकदा घालून फिरवून बघा.

आणि सगळीच बटणं अर्धवट चालत असतील, जवळ गेल्यावरच गाडी ऐकत असेल, तर सेल संपत आलाय. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, पण जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवीन घ्या, कारण सीआर २०२५ तेवढाच रुंद पण पातळ असतो आणि सैल बसतो. उघडायच्या आधी प्लसची बाजू वर आहे की खाली त्याचा फोटो काढा. सेल पूर्ण मेला असेल आणि गाडी बटण-स्टार्ट असेल तर लोखंडी चावीने दार उघडा, ब्रेक दाबा आणि चावी गाडीतल्या स्टार्टच्या बटणाला टेकवून ते बटण दाबा, चावीतल्या चिपला तेवढ्या जवळून गाडीकडूनच वीज मिळते. काही गाड्यांत टेकवायची जागा कपहोल्डरजवळ असते. काढलेला सेल टेबलावर ठेवून विसरू नका, लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. चिकटपट्टीत गुंडाळा आणि उंचावर ठेवा.