रात्रपाळीची हजेरी अर्धीच का लागत होती

आमच्या कारखान्यात रात्री 11 ते सकाळी 7 पाळी करणाऱ्यांची हजेरी 'आउट पंच नाही' (म्हणजे बाहेर पडतानाची मशीनवरची नोंद नाही) म्हणून अर्धी लागायची, पगार कापला जायचा. आधी मी बोटांच्या ठशांचं मशीनच बदलायला निघालो होतो. पण मशीनमधल्या मूळ नोंदी उघडल्या, तर दोन्ही पंच जागेवर! सॉफ्टवेअर रात्री 12 ला दिवस तोडत होतं, म्हणून सकाळचा पंच दुसऱ्या दिवसाचा 'इन' ठरायचा. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातही (कलम 57) मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरले जायचे.

सॉफ्टवेअरच्या शिफ्ट मास्टरमध्ये (पाळ्यांच्या वेळा ठरवायच्या सेटिंगमध्ये) फक्त रात्रपाळीसाठी दिवसाची हद्द दुपारी 12 केली. सगळ्यांना लावू नका, दिवसपाळी बिघडते. मग महिन्याची हजेरी पुन्हा प्रोसेस केली. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत मिळाले.