ब्रूडर लहान पडला? पिल्लांचं खुराडं बांधताना या चुका टाळा

पिल्लं पाच आठवड्यांची झाली की ब्रूडर, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणारी पेटी, बघता बघता अपुरा पडतो. पेटीच्या काठावर उड्या मारून बसणं, पाण्यात भुसा उडवणं, एकमेकांच्या शेपटीची पिसं टोचणं सुरू होतं. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी फळ्या, जाळी आणि पत्रा गोळा करून घाईघाईनं खुराडं उभं राहतं. माझं पहिलं खुराडं असंच झालं. पिल्लं गारठतील ही एकच धास्ती होती, म्हणून फट दिसेल तिथे पोतं कोंबलं. आठवडाभरात अशी वेळ आली की सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. अंगभर पिसं आलेलं पिल्लू थंडी बऱ्यापैकी सोसतं. ओल आणि कोंदट हवा त्याला सोसत नाही, हे तेव्हा कळलं.

हवा कोंडणं

सगळ्यात जास्त पिल्लं याच चुकीनं आजारी पडतात असं माझं मत आहे. ताज्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, शिवाय रात्रभर श्वासातून वाफ निघत राहते. ती वर चढून थंड पत्र्याला लागते आणि थेंब होऊन खाली भुशावर पडते. ओल्या भुशात विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो आणि पिल्लांच्या डोळ्यांना नि श्वासनलिकेला त्रास होतो.

झरोके छताला लागून ठेवा, समोरासमोरच्या दोन भिंतींत. पिल्लू दांडीवर बसलं की झरोका त्याच्या डोक्याच्या बराच वर राहिला पाहिजे, म्हणजे हवा डोक्यावरून खेळते आणि अंगावर झोत येत नाही. पुरेसे झाले की नाही हे ओळखणं सोपं आहे. सकाळी दार उघडल्याबरोबर खाली वाका आणि पिल्लांच्या उंचीवर वास घ्या. उभ्यानं तो नीट कळत नाही. मग पत्र्याला आतून हात लावा. उग्र वास आला किंवा हात ओला झाला तर झरोके वाढवायचे.

जमीन ओली राहणं

पाणी साचतं अशा सखल जागी खुराडं ठेवलं की कितीही भुसा घाला, तो खालून भिजतच राहतो. उबदार ओल्या भुशात कॉक्सिडिओसिसचे (आतड्याच्या एका आजाराचे) जंतू एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि पिल्लं टोचून टोचून तेच खातात. नेमक्या याच वयात हा आजार जास्त दिसतो. पिसं फुगवून, पंख सोडून एका जागी उभं राहिलेलं पिल्लू, कमी झालेलं खाणं, विष्ठेत रक्त, यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. पशुवैद्यकांना दाखवा, बहुधा पाण्यातून अँप्रोलियम हे औषध देतात, पण मात्रा त्यांनी सांगितलेलीच द्यायची. तोवर ओला भुसा पूर्ण काढून कोरडा घाला.

त्यापेक्षा आधीच खुराडं पायांवर फूटभर उचलून घ्या, छताला उतार द्या आणि पत्रा भिंतीच्या बाहेर वीतभर येऊ द्या. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. भुसा बहुतेक वेळा पावसापेक्षा सांडलेल्या पाण्यानं भिजतो.

चुकीची जाळी

षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मांजर पंजा घालून कडेला झोपलेलं पिल्लू ओढतं. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळीच लावा, निदान खालच्या दोन फुटांना आणि सगळ्या झरोक्यांना. नुसत्या पिनांवर विसंबू नका, स्क्रू आणि वॉशरनं आवळा. उकरून आत येणाऱ्यांसाठी जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड-दोन फूट आडवी पसरून मातीनं झाका. उभा चर खणण्यापेक्षा हे खूप सोपं पडतं. दाराला नुसती फिरकी पुरत नाही, कडी-कोयंडा हवा.

घाईनं बाहेर काढणं

पहिल्या आठवड्यात ब्रूडर साधारण 35 अंश सेल्सिअस ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करतात. बाहेर काढण्याआधी आठवडाभर दिवा पूर्ण बंद ठेवून बघा. पिल्लं तरीही एकमेकांना चिकटून चिवचिवत असतील तर थांबा. खुराड्यात दिवा टांगून वेळ मारून नेऊ नका. धूळ, कोरडा भुसा आणि तापलेला बल्ब यांतून आगी लागतात.

नव्या जागी पहिल्या रात्री पिल्लं घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. कोपऱ्यात पेंढ्याची गठडी किंवा तिरकी फळी लावून कोपरा बोथट करा, आणि अंधार पडल्यावर एकदा स्वतः जाऊन बघा. तीन-चार दिवस आतच ठेवलं की घर ओळखीचं होतं. त्यानंतरही कुणी संध्याकाळी बाहेर राहिलंच तर उचलून दांडीवर ठेवा, काही दिवसांत सवय लागते.

आजच्या पिल्लांच्या मापानं बांधणं

आज दहा पिल्लं ऐसपैस दिसतात, पण पूर्ण वाढलेल्या कोंबडीला आत साधारण 4 चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात 8 ते 10 चौरस फूट जागा लागते. गर्दी झाली की टोचाटोची आलीच. अंड्यांचे खण मात्र 16-18 आठवड्यांपर्यंत झाकून ठेवा, नाहीतर पिल्लं त्यातच झोपतात आणि घाण करतात.

बसायची दांडी सुरुवातीला फूटभरच उंच लावा, कडा घासून गोल करा, आणि ती खिळ्यांनी ठोकू नका, खाचेत बसवा. लाल माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) दिवसा दांडीच्या टोकांच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात. रात्री पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवा. त्यावर तांबडे डाग उमटले तर सकाळी दांडी काढून, टोकं आणि खाचा घासून धुवायच्या.