हायपरथायरॉइडिझम असताना नोकरीतले काम कसे सांभाळावे

थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरके तयार करू लागली की शरीराचा सगळा कारभार विनाकारण वेगाने चालू लागतो, आणि त्यामुळे हायपरथायरॉइडिझमचा रुग्ण सहकाऱ्यांना आजारी न वाटता पुष्कळदा उत्साहीच वाटतो. प्रत्यक्षात त्याची झोप मोडलेली असते, छातीत धडधड होत असते, आणि दुपारपर्यंत तो पार थकून गेलेला असतो. हा ताण कामाचाच आहे असा समज करून घेऊन अनेक जण तपासणी लांबवतात; वजन घटणे, उकाडा सहन न होणे आणि हातांना कंप सुटणे ही लक्षणे जोडीला असतील, तर आधी टीएसएच, टी४ आणि टी३ ही थायरॉइडशी संबंधित संप्रेरके रक्तात तपासून घ्यावीत.

निदान झाल्यावर आपल्या कामातला नेमका कोणता भाग अडतो आहे, हे लिहून काढावे. बैठे काम करणाऱ्याचे लक्ष टिकत नाही, एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा लागतो आणि क्षुल्लक कारणावरून संताप येतो. बारीक हस्तकौशल्याचे काम करणाऱ्याला थरथर नडते. अंगमेहनतीच्या कामात मात्र एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते, ती म्हणजे दंड आणि मांड्यांच्या स्नायूंची दुर्बलता: जिने चढणे, उकिडवे बसून उठणे, डोक्याच्या वर वजन उचलणे जड जाते आणि त्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. भट्टीजवळ किंवा उन्हात काम असेल, तर त्रास अधिकच वाढतो.

कामाचे नियोजन औषधांच्या गतीप्रमाणे करावे. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल नवे संप्रेरक तयार होणे रोखते, पण ग्रंथीत आधीच साठलेले संप्रेरक संपेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे स्पष्ट फरक जाणवायला साधारण 3 ते 8 आठवडे लागतात. धडधड आणि कंप यांवर प्रोप्रानोलॉलसारखे औषध त्यामानाने लवकर आराम देते. मात्र या औषधाने दमा बळावू शकतो, म्हणून दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. हे पहिले आठवडे नोकरी सोडण्याचा किंवा वरिष्ठांशी असलेल्या वादाचा सोक्षमोक्ष लावण्याचा निर्णय घेण्यासाठी अत्यंत वाईट असतात, कारण त्या काळातली अस्वस्थता आणि चिडचिड पुष्कळ अंशी आजाराची असते.

वरिष्ठांना रोगाची सगळी माहिती देण्याची गरज नाही. उपचार सुरू आहेत, काही आठवडे अमुक कामे जमणार नाहीत आणि अमुक नक्की जमतील, एवढे डॉक्टरांच्या पत्रासह सांगावे. नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. रात्रपाळीतून तात्पुरती सूट, हवेशीर जागा, मध्ये छोट्या विश्रांत्या आणि महत्त्वाच्या आकडेमोडीवर दुसऱ्याची नजर, या सोयी बहुतेक ठिकाणी फारशा खर्चिक नसतात. चहा-कॉफीने थकवा ढकलण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने धडधड वाढते.

ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त संप्रेरके तयार करायला लावते त्या प्रकारात, डोळ्यांनाही त्रास होऊ शकतो. खुपणे, पाणी येणे यांमुळे पडद्यासमोर बसणे कठीण होते. एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्यास वाहन व यंत्रे चालवणे थांबवून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. धूम्रपानाने हा त्रास बळावतो. नाडी अनियमित लागत असेल, धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर कामावर न जाता तातडीने उपचार घ्यावेत. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोलच्या गोळ्या चालू असताना ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातील पेशींची तपासणी करून घ्यावी. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटण्याचा दुष्परिणाम दुर्मीळ असला, तरी तो अंगावर काढण्यासारखा नाही.

किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे ग्रंथीतील पेशी नष्ट करून तिचे काम कमी करणारा उपचार, घ्यायचे ठरल्यास, नंतर काही दिवस गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यापासून अंतर ठेवावे लागते, म्हणून शिक्षक, पाळणाघरातील कर्मचारी यांनी रजेचा कालावधी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. कामाचा पूर्ण भार परत घेताना तो टप्प्याटप्प्याने घ्यावा, कारण रक्ताचा अहवाल सुधारल्यानंतरही स्नायूंची ताकद आणि एकाग्रता भरून यायला काही महिने लागू शकतात. या काळात उलट सुस्ती, थंडी वाजणे आणि वजन वाढणे सुरू झाले, तर उपचारामुळे संप्रेरक फार कमी झाले असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करून औषधाची मात्रा बदलून घ्यावी.