डेन्मार्कच्या जुन्या बाजारात आधी बशी पालथी घाला

डॅनिश भाषेत जुन्या बाजाराला 'लॉपेमार्केड' म्हणतात. लॉपे म्हणजे पिसू. उन्हाळ्यात हे बाजार चौकाचौकांत भरतात, पण उरलेलं वर्ष पाऊस, वारा आणि दुपारी चारलाच पडणारा अंधार. त्यामुळे खरी चैन छपराखालच्या बाजारात असते: शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, नाहीतर कोपनहेगनच्या ऑस्टरब्रो भागातल्या 'रेमिसेन'सारख्या जुन्या ट्रामशेडमध्ये. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर जरा चुकल्यासारखं होईल. इथे कोणी हाका मारत नाही. काही ठिकाणी तर विकणाराच जागेवर नसतो.

बाजार कुठल्या जातीचा, ते आधी ओळखा

पहिली जात शनिवार-रविवारच्या हॉलमधल्या बाजाराची. टेबलं मांडलेली, मागे मालक थर्मासमधली कॉफी पीत बसलेला. काही ठिकाणी आत जायला थोडे पैसे पडतात. दुसरी जात कायमच्या दुकानाची, पण फडताळं भाड्याने दिलेली. लोक आठवड्याच्या भाड्याने एक फडताळ घेतात, घरातला नको झालेला माल किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडतात आणि निघून जातात. पैसे सगळ्यांचे एकाच काउंटरवर. चिठ्ठीवर फडताळाचा नंबर असतो, त्यावरून हिशेब होतो. म्हणून चिठ्ठी पडली असेल तर वस्तू जिथून उचलली ते फडताळ लक्षात ठेवा, नाहीतर काउंटरवरची बाई नुसती मान हलवेल. तिसरी जात म्हणजे रेड क्रॉस, किर्केन्स कोर्सहेअर अशा मदतकार्य करणाऱ्या संस्थांची 'गेनब्रुग' (म्हणजे पुनर्वापराची) दुकानं. माल दान आलेला आणि काउंटरवर बहुधा निवृत्त स्वयंसेवक.

पहिल्यांदाच जात असाल तर फडताळांच्या दुकानात जा. तिथे तासभर वस्तू उचलून ठेवत राहिलात तरी कोणी काही बोलत नाही.

पैसे आणि आकडे

दुकानांत कार्ड चालतं. हॉलमधल्या टेबलावर मात्र 'मोबाइलपे' (फोनवरून पैसे द्यायचं ॲप) किंवा रोख. मोबाइलपे तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, पर्यटकाला त्याचा उपयोग नाही. तेव्हा पन्नास-शंभराच्या नोटा आणि भोकाची नाणी खिशात हवीत (एक, दोन आणि पाच क्रोनरच्या नाण्यांना मधोमध भोक असतं). नातेवाइकाने जपून ठेवलेली हजाराची नोट दिली तर घेऊ नका. ३१ मे २०२५ नंतर ती चलनातून गेली आहे.

चिठ्ठीवर '२०,-' दिसलं की समजा वीस क्रोनर, वर सुटे काही नाहीत. पुढे 'स्टक' असेल तर तो एका नगाचा भाव. सहा कपांच्या थप्पीवर एकच चिठ्ठी पाहून हुरळून जाण्याआधी तो शब्द शोधा. 'सामलेट' लिहिलं असेल तर सगळं मिळून. 'स्कोर' म्हणजे टवका, 'रेव्न' म्हणजे तडा. डॅनिश माणूस हे स्वतःच लिहून ठेवतो, आपण फक्त वाचायचं.

तोंडी आकडे हे वेगळं प्रकरण आहे. पन्नासला 'हाल्वट्रेस', सत्तरला 'हाल्वफ्येर्स', नव्वदला 'हाल्वफेम्स'. इंग्रजी येणारेही इथे हात टेकतात. मराठी माणसाने टेकायचं कारण नाही. आपल्याकडची जुनी माणसं साठाला 'तीन विसा' म्हणत ना? तोच हिशेब आहे. हाल्वट्रेस म्हणजे अडीच विसा, हाल्वफ्येर्स साडेतीन विसा, हाल्वफेम्स साडेचार विसा. शिवाय पंच्याहत्तर म्हणताना आपण पाच आधी घेतो, तेही तसंच करतात. मला हे कळलं त्या दिवशी मी आजीची मनोमन माफी मागितली. तिच्या विसांच्या हिशेबाला आम्ही फार हसायचो.

आता बशी पालथी घाला

चिनी मातीच्या फडताळांपाशी वेळ घालवा, बाकी सगळं घाईत पाहिलं तरी चालेल. वरची नक्षी फसवते, खरं काय ते तळाला लिहिलेलं असतं. तीन निळ्या लाटा दिसल्या तर ती १७७५ साली सुरू झालेल्या रॉयल कोपनहेगन या कारखान्याची. त्या तीन लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या: ओरेसुंद, मोठा बेल्ट आणि लहान बेल्ट. लाटांवर नख फिरवा. आडवा ओरखडा लागला तर तो नग कारखान्यानेच दुय्यम ठरवून विकलेला असतो. रोजच्या वापराला काहीच हरकत नाही, पण भाव त्या मानाने कमी हवा. तीन बुरूज दिसले तर ती १८५३ साली सुरू झालेल्या बिंग अँड ग्रोनडाल कारखान्याची. चांदीच्या चमच्यामागेही असेच तीन बुरूज असतात, खाली वर्षाचे दोन आकडे. तिथे ८३० किंवा ९२५ हा आकडा शोधा. त्यातलं काहीच नसेल तर बहुधा नुसता मुलामा.

निळ्या रंगाच्या नाताळच्या थाळ्या तर ढिगाने दिसतील. बिंग अँड ग्रोनडालने पहिली थाळी १८९५ मध्ये काढली, रॉयल कोपनहेगनने १९०८ मध्ये, आणि दर थाळीवर वर्ष घातलेलं असतं. सत्तरच्या दशकातल्या इतक्या निघाल्या की आज त्यांना कोणी विचारत नाही. गुंतवणूक म्हणून घेऊ नका. कुणाच्या जन्मवर्षाची सापडली तर भेट म्हणून झकास.

एखाद्या निळसर मातीच्या भांड्याच्या नक्षीचं नाव 'ट्रँकेबार' निघालं तर थबका. ते तमिळनाडूतलं तरंगंबाडी, १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिशांच्या ताब्यात असलेलं.

तळ वाचून झाला की कप तळहातावर मोकळा ठेवा आणि कडेला टिचकी मारा. उन्हाळ्यात माठ घेताना मारतो तशीच. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर कप शाबूत. बद्द वाजला तर केसासारखी भेग आहे, दिसो वा न दिसो. मी एकदा सहा कपांपैकी पाचच वाजवून पाहिले, रांगेत मागे माणसं होती म्हणून. सहाव्यातला चहा घरी आल्यावर बशीत झिरपला. तो आता पेनं ठेवायला आहे.

घासाघीस कितपत?

फडताळांच्या दुकानात शून्य, कारण घासाघीस करायची कुणाशी? संस्थेच्या दुकानात करू नये, पैसा मदतकार्याला जातो. हॉलमधल्या टेबलावर करा, पण आपल्या पद्धतीने निम्म्यापासून सुरुवात केलीत तर समोरचा नुसता गप्प होईल. दोन-तीन वस्तू एकत्र धरा आणि 'या सगळ्यांचे किती?' असं विचारा. बाजार उठायच्या तासाभरात उत्तर बरंच मऊ येतं, कारण खोकी परत गाडीत चढवायची कुणालाच हौस नसते. मनात भरलेली वस्तू मात्र संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ती सकाळीच, सांगितल्या भावात घ्या.

लाकूड आणि कपडे

१९५०-६० च्या दशकातलं सागवानी फर्निचर पाहून जीव खालीवर होतो. खण पूर्ण बाहेर ओढा, सांधे आणि मागची फळी बघा. भारतात न्यायचा विचार असेल तर भाड्यापुढे किंमत किरकोळ वाटेल. गडद, काळ्या रेषांचं 'पालिसँडर' असेल तर आणखी सावध: ब्राझीलच्या या शिसवावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आहे, देशाबाहेर न्यायला परवाने लागतात.

नोकरीसाठी तिथे गेलेल्या आपल्या लोकांनी लहान मुलांचे 'फ्ल्यूव्हरड्राग्ट' आधी शोधावेत. हा अंगभर घालायचा जाड सूट. पाळणाघरातली मुलं पावसाबर्फातही अंगणात खेळतात, त्यामुळे तो लागतोच. नवा बराच महाग आणि वर्षात तोकडा होणारा. चेन दोनदा वरखाली करा, गुडघे आणि बूड उजेडात धरून बघा. कॉलरच्या आत एक-दोन नावं लिहून खोडलेली असतील, खाली आपल्या बाळाचं लिहायचं. लोकरीचे स्वेटर घरी आणल्यावर पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, कसर मरते.

घरी नेताना

पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊनच जा. थाळ्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीमध्ये कागद. कपात मोजे कोंबा. विमानाने जायचं असेल तर चिनी माती हातातल्या बॅगेत, आणि चांदीचे सुरे विसरून त्याच बॅगेत ठेवू नका, ते तपासणीतून सुटणार नाहीत.