ट्रकच्या केबिनमध्ये मंद करता येणारे एलईडी दिवे बसवताना

धुळ्याहून शिरपूरमार्गे इंदूरकडे निघालेला ट्रक रात्री बिजासन घाटाला लागला की केबिनमधील पांढराशुभ्र दिवा चालकाचा शत्रू होतो, कारण समोरच्या काचेवर त्याचे प्रतिबिंब पडते आणि वळणावरचा रस्ता दिसेनासा होतो. तोच ट्रक रावेरच्या बागेत केळी भरण्यासाठी उभा असताना मात्र पावती लिहायला, दोर शोधायला भरपूर उजेड लागतो. एकाच दिव्याकडून ही दोन्ही कामे करून घ्यायची असतील तर तो डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर, चालणारा हवा. काम अवघड नाही, पण घरातील वायरिंगचे आडाखे येथे चालत नाहीत. घरगुती पंख्याचा किंवा बल्बचा रेग्युलेटर तर मुळीच चालत नाही, कारण तो एसी प्रवाहासाठी बनवलेला असतो.

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात, तर छोट्या पिकअपमध्ये 12 व्होल्टच असतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट उचलण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती स्वस्त वाटते, पण त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि वर्ष-दोन वर्षांत जोडीच बदलावी लागते.

मग थेट 24 व्होल्टची एलईडी पट्टी लावावी काय? लावता येते, पण इंजिन सुरू असताना तिला 24 नव्हे, तर सुमारे 28 व्होल्ट मिळतात. साध्या पट्टीत सहा किंवा सात एलईडी आणि प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर असा एक गट असतो. सहा एलईडी मिळून साधारण 18 व्होल्ट घेतात आणि उरलेले सहा रेझिस्टरवर पडतात. पुरवठा 28 झाला की रेझिस्टरवर दहाच्या आसपास व्होल्ट पडतात, म्हणजे प्रवाह दीडपटीहून जास्त होतो. दुकानात छान दिसलेली पट्टी ट्रकमध्ये काही महिन्यांतच काळवंडते ती यामुळे. म्हणून माझी पसंती 24 चे स्थिर 12 व्होल्ट करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरला आणि त्यापुढे 12 व्होल्टच्या पट्टीला आहे. खर्च थोडा वाढतो, पण इंजिन सुरू करतानाही उजेड लवत नाही. कन्व्हर्टर 30 व्होल्टच्या वरचा पुरवठा सोसणारा आणि 5 अँपिअरचा असावा.

आता हिशेब. छताच्या दोन्ही कडांना एक-एक मीटर आणि मागच्या बर्थवर अर्धा मीटर, अशी अडीच मीटर पट्टी धरू. मीटरला 9.6 वॉटप्रमाणे 24 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर 2 अँपिअर होतात. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या, अनेक तारांच्या लवचिक वायरने चार मीटर जाऊन चार मीटर परत आल्यास सुमारे 0.3 व्होल्ट घटतात आणि ती घट डोळ्यांना जाणवत नाही. एकतारी वायर मात्र वापरू नये, ती कंपनाने तुटते. कन्व्हर्टरच्या आधी, 24 व्होल्टच्या बाजूला, 3 अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे, आणि तो वायरच्या सुरुवातीलाच असला पाहिजे, दिव्याजवळ नव्हे. दिवाळीनंतर जिनिंगकडे कापूस नेणाऱ्या गाडीत एक ठिणगी काय करू शकते, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागू नये. स्विचही कन्व्हर्टरच्या आधीच घ्यावा, कारण डिमर शून्यावर आणला तरी कन्व्हर्टर थोडा प्रवाह खात राहतो आणि आठवडाभर उभ्या गाडीत तो बॅटरीला जाणवतो.

यानंतर ज्या ठिकाणी सर्वांत जास्त चुका होतात, तेथे येऊ. ट्रकमध्ये आपल्याला सवय असते ती एकाच वायरची: प्लस दिव्याला न्यायचा आणि मायनस जवळच्या बोल्टवर, म्हणजे बॉडीला टेकवायचा. साध्या दिव्याला हे चालते. परंतु बाजारात मिळणारे बहुतेक डिमर प्लसला हात लावत नाहीत. ते मायनसची वाट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडतात आणि मिटतात, आणि उघडी राहण्याची वेळ जितकी कमी तितका उजेड मंद वाटतो. अशा डिमरच्या पुढे पट्टीचा मायनस बॉडीला लावला की प्रवाह डिमरला वळसा घालून थेट बॉडीतून परत जातो. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली होती. नॉब कोणीकडेही फिरवली तरी दिवा पूर्ण तेजाने जळत होता आणि मी तीन तास डिमरलाच शिव्या देत बसलो होतो.

डिमर कोणत्या प्रकारचा आहे, हे जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने कळते. डिमर सुटा ठेवून मीटर बीपवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असल्यास आवाज देणाऱ्या खुणेवर, लावावा. पुरवठ्याकडचा प्लस आणि पट्टीकडचा प्लस यांच्यात बीप वाजला तर डिमर मायनस तोडतो, दोन्ही मायनसमध्ये वाजला तर प्लस तोडतो. निकाल कोणताही असो, पट्टीपर्यंत दोन्ही वायरी डिमरपासूनच न्याव्यात, म्हणजे प्रश्नच उरत नाही. कापलेल्या पट्टीच्या टोकाची तांब्याची टिकली बॉडीला लागलेल्या ॲल्युमिनिअमच्या आधारपट्टीला टेकली तरी हाच दोष उद्भवतो, म्हणून टोकावर स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवावी. दोन्ही वायरी एकमेकींना पिळून नेल्यास रेडिओतील खरखरही कमी होते.

प्रत्यक्ष काम सुरू करताना बॅटरीची बॉडीला गेलेली मायनस केबल आधी काढावी आणि ती सर्वांत शेवटी लावावी. पुरवठा डॅशबोर्डच्या फ्यूज बॉक्समधील मोकळ्या जागेवरून घेतला तर सोय होते, कारण थेट बॅटरीवरून आणल्यास उलटणाऱ्या केबिनच्या बिजागरीजवळ वायरीला ढील ठेवावी लागते आणि पत्र्यातून जाताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू न देणारे कडे, घालावे लागते. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नये. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर चढवायची धातूची टोपी, पक्कडीने दाबून वर स्लीव्ह तापवावी.

भुसावळच्या मे महिन्यात सावलीतच 45 अंश असताना केबिनचे छत किती तापते, हे सांगायला नको. पट्टीमागचा चिकट टेप अशा उन्हात सुटतो. म्हणून ॲल्युमिनिअमची खाच असलेली पट्टी आखूड स्क्रूने छताच्या आतल्या आवरणावर बसवावी, पत्र्याला भोक पडू देऊ नये, आणि एलईडी तिच्यात चिकटवावी. त्यामुळे उष्णताही पसरते. कन्व्हर्टर इंजिनाच्या झाकणाजवळ न ठेवता हवा लागेल अशा जागी ठेवावा. रंग 3000 केल्विनच्या आसपासचा पिवळसर घ्यावा. निळसर पांढऱ्याची हौस असेल तर ती बर्थपुरतीच ठेवावी. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि ती सवय एका क्षणाच्या प्रखर उजेडाने मोडते.

काम झाल्यावर दिवा इंजिन बंद असताना आणि सुरू असताना, दोन्ही वेळा तपासावा, आणि अर्धा तास पूर्ण तेजावर ठेवून कन्व्हर्टरला हात लावून पाहावा. हात टिकत नसेल तर भार जास्त आहे. मग रात्री रस्त्यावरचे दिवे नसलेल्या जागी गाडी उभी करून, चालकाच्या जागेवर बसून, काचेत पट्टीची रेघ दिसेनाशी होईपर्यंत नॉब फिरवावी आणि तेथे रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी.